नंबर दिसणारा लँडलाइन फोन: तीन महिने वापरल्यावर

मी नाशिकला घरी ब्लाउज शिवते. मशीनवर बसले की मोबाइल आतल्या खोलीत असतो, म्हणून गिऱ्हाइकांना ब्रॉडबँडबरोबर मिळालेला लँडलाइनचा नंबर दिलाय. तो उचलायचं काम मुलांचं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची.

दिवाळीआधी एकदा जेवताना धाकटी म्हणाली, “आई, एका काकूंचा फोन आला होता.”

“कोणत्या काकू?”

“चांगल्या होत्या.”

“काय म्हणाल्या?”

“त्यांना हात लांब हवेत.”

फोन येऊन तीन दिवस झाले होते. तोवर पैठणीतल्या पीसच्या बाह्या मी सहा इंचांवर कापूनही टाकल्या होत्या. त्यांना कोपरापर्यंत हव्या होत्या. पैठणीचा पीस, कापड पुन्हा आणणार कुठून? खाली जोड देऊन भागवलं, शिलाई घेतली नाही.

त्याच आठवड्यात एम. जी. रोडवरून हा फोन आणला, साडेनऊशे रुपयांना. वरच्या पट्टीवर नंबर, तारीख आणि वेळ दिसते. न उचललेला फोन असला तर लाल दिवा लुकलुकत राहतो. बाणाचं बटण दाबत मागे गेलं की दिवसभरात कोणाकोणाचे फोन आले ते सगळं सापडतं. निरोप नाही पोचला तरी चालतं, नंबर आहे ना!

पहिले चार दिवस मात्र बरेच फोन नंबराशिवाय. मला वाटलं डबा निघाला. दुकानदाराने विचारलं, “ताई, पहिल्याच रिंगला उचलता का?” आमच्या लाइनवर नंबर येतो तो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे, आणि आमची दोघं फोन वाजला रे वाजला की एकमेकांना ढकलत झडप घालायची. आता दोन रिंगा मोजायच्या, मगच उचलायचा. थोरला खरंच मोठ्याने मोजतो.

यादीतल्या मोबाइल नंबरावर उलट फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला तसाच नियम आहे, तेव्हा फोन लागला नाही तर सेटला दोष देऊ नका. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. जुन्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधून वीज यायची, तसं आता नाही. पट्टीसाठी तीन पेन्सिल सेल लागतात. आमचे एकदा खेळण्यातल्या गाडीत गेले होते, म्हणून झाकणावर चिकटपट्टी मारून ठेवलीय. उन्हात आकडे फिके दिसतात, तेव्हा खिडकीपाशी ठेवू नका.

घरात मुलं फोन उचलत असतील तर जरूर घ्या. धाकटीला आकडे वाचता येतात. परवा शाळेतून आल्यावर तिने स्वतःच बटण दाबून सांगितलं, “आई, शेवटी शहाण्णववाल्या काकू, पाच वाजून बारा मिनिटं.” मी लगेच फोन लावला. त्यांना गळा मागून खोल हवा होता, आणि कापड अजून कापायचं होतं.