पहिल्यांदा वेगळं राहताय? 'स्टारड्यू व्हॅली' की 'पेपर्स, प्लीज'

ऐरोली-घणसोलीत पहिली नोकरी, तिघांत मिळून वन बीएचके, अकरा महिन्यांचा करार. रात्री खेळायला गोष्ट असलेला गेम हवाय आणि जमलंच तर पैशाचं भानही यायला हवंय, तर या दोघांतून निवडा. दोन्ही एकदाच विकत घ्यायचे. नंतर गेममधलं चलन खऱ्या पैशाने मिळत नाही, हे फार महत्त्वाचं.

'स्टारड्यू'मध्ये (2016) कंपनीतली नोकरी सोडून तुम्ही आजोबांच्या शेतावर येता. हातात 500 गोल्ड. पार्सनिप नावाच्या कंदाचं बी 20 ला, चार दिवसांनी साधं पीक 35 ला. नफा दिसतो आणि हात सुटतो. सगळे पैसे बियाण्यात जातात. मग वसंतातल्या 13 तारखेच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी विकायला येतं, एक 100 ला, आणि खिसा रिकामा! ऋतू 28 दिवसांचा. तो बदलला की बहुतेक उभी पिकं जळतात. पैसा कुठे आणि किती दिवस अडकवायचा, हे हा गेम फार छान शिकवतो.

पण भाडं नाही. घर आजोबांचं, वीजबिल नाही, महिनाभर नुसती मासेमारी केली तरी कुणी विचारत नाही. म्हणजे स्वावलंबनाची सुरुवातच वारशाने! आपल्याकडे डिपॉझिट वडिलांनी भरलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

'पेपर्स, प्लीज' (2013) तिथेच गाठतो. साल 1982, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, तुम्ही सीमेवरचे तपासनीस. पगार तपासलेल्या दर माणसामागे 5 क्रेडिट, म्हणजे घाई करावीच लागते. घाईत कागद चुकले तर दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, पुढे दंड. संध्याकाळी हिशेबाचं पान उघडतं: भाडं, जेवण, शेगडीची ऊब. भाडं टळत नाही, म्हणून कात्री जेवणाला किंवा उबेला. मग घरातलं कुणी आजारी पडतं आणि औषधाचा खर्च वाढतो. वर एक पहारेकरी सुचवतो, जास्त लोकांना अटकेत टाक, कमिशन देतो. नैतिक प्रश्न असा थेट भाड्याच्या रकमेला चिकटवणारा दुसरा गेम मला चटकन आठवत नाही.

'गेन्शिन इम्पॅक्ट' फुकट आहे आणि त्याची गोष्टही मोठी, पण या कामासाठी नको. खरे रुपये देऊन जेनेसिस क्रिस्टल हे गेममधलं चलन, त्याचे प्रिमोजेम हे दुसरं चलन, आणि 160 प्रिमोजेमला एक 'विश', म्हणजे नवं पात्र किंवा शस्त्र मिळवायची नशिबाची सोडत. इतक्या पायऱ्यांनंतर रुपये किती गेले ते कळत नाही. यूपीआय जोडलेला असेल तर आणखीच नको.

माझं मत: पगारातून भाडं भरत असाल तर आधी 'पेपर्स'. काही रात्रींत संपतो, रुक्ष आहे, पण तुमचाच हिशेब मांडतो. ठाण्यात आई-बाबांकडे राहून कॉलेज करत असाल तर 'स्टारड्यू'; छप्पर तुम्हालाही आयतंच आहे, तेव्हा आधी गुंतवणूक शिका.

दोन्ही फोनवर चालतात. 'स्टारड्यू'चा एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, ठाणे-वाशी लोकलमध्ये एखाद-दुसरा सहज बसतो. 'पेपर्स'मध्ये मात्र पासपोर्टवरचे बारीक तपशील ताडून पाहायचे असतात. गर्दीत एका हाताने दांडी धरून ते जमत नाही. तो घरीच खेळा.