शॅमेलिऑनसाठी घरचे रातकिडे: दहा महिन्यांनंतर

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात मी रातकिड्यांचा पहिला डबा मांडला. आता मृग लागलाय, म्हणजे दहा महिने झाले. तेवढ्यात तीनदा डबेच्या डबे मेले आणि एकदा हिरामणच्या, म्हणजे माझ्या पाळीव शॅमेलिऑन सरड्याच्या, जिवावर बेतलं. तरी फेब्रुवारीपासून मी विकतचा एकही किडा आणलेला नाही. जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या गावात राहून हे जमतं का, असं बरेच जण विचारतात. जमतं. पहिले दोन महिने मात्र फार धीर लागतो.

हिरामण म्हणजे वेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाकडचा. सुरुवातीलाच एक सांगते. आपल्याकडे बाभळी-बोरीवर कधी दिसतो तो भारतीय शॅमेलिऑन. त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो घरात ठेवणं गुन्हा आहे. दिसला तर लांबून बघा आणि जाऊ द्या. परदेशी जातीचीही 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आमची केलेली आहे.

जिवावर बेतलं ते असं. कुरिअरने मागवलेले रातकिडे अर्धेअधिक मेलेले आले होते. घरात किडा नाही, हिरामण उपाशी. दीर शेतातून येताना कपाशीच्या बांधावरचे सात-आठ नाकतोडे डब्यात घालून घेऊन आले. हिरामणने ते आवडीने खाल्ले. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, तिथे परवाच फवारणी झाली ना?’ माझ्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी डोळे मिटून बसला, फांदीवरची पकड सुटायला लागली. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटले की तो आजारी आहे असंच धरायचं. डॉक्टरांकडे नेलं आणि दोन आठवड्यांनी तो सावरला. विषबाधाच होती हे सिद्ध करता आलं नाही, पण माझ्या मनात शंका नाही. आपला खान्देश कपाशी आणि केळीचा, फवारणीशिवायचं शिवार शोधून सापडत नाही. रानातला किडा पानावरचं विष पोटात घेऊन हिंडतो. शिवाय काही किडे मुळातच विषारी असतात. बाजरीच्या कणसावरचे हिंगे घातक, आणि पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवे तर सरड्यांना अजिबात देऊ नयेत. काही काजव्यांच्या अंगातल्या विषाने पाळीव सरडे दगावले आहेत.

म्हणून घरची पैदास. रातकिड्यांना मोठा प्लास्टिकचा डबा, झाकणाला बारीक स्टीलची जाळी (प्लास्टिकची ते कुरतडतात), आत उभे लावलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ट्रे अंडीवाल्याकडून फुकट मिळतात. पाण्याची वाटी ठेवली की पिल्लं बुडून मरतात, त्यामुळे ओला कापूस किंवा गाजराचा तुकडा ठेवायचा. अंडी घालायला छोट्या डबीत ओलसर कोकोपीट. मादीच्या शेपटाकडे सुईसारखी नळी असते, ती मातीत रोवून ती अंडी घालते. तीस अंशांच्या आसपास दहाएक दिवसांत पिल्लं निघतात, मुंगीपेक्षाही बारीक. मोठी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात.

पहिला डबा ओलीने गेला. सप्टेंबरात हवा दमट, त्यात मी रोज पाणी शिंपडत होते. तळाशी बुरशी धरली, अमोनियाचा वास सुटला आणि चार दिवसांत सगळे मेले. रातकिड्यांना अंडी घालायची डबी सोडली तर बाकी सगळं कोरडं लागतं. दुसरा डबा गेला तो डासांच्या अगरबत्तीने. खोलीत रात्रभर अगरबत्ती जळत होती, सकाळी सगळे उताणे पडलेले. डास मारायचं औषध किड्यालाही मारणारच, हे आधी सुचायला हवं होतं. मुंग्यांचा खडूही तसाच. मुंग्या डब्यात शिरू लागल्या तेव्हा सासूबाईंनी उपाय केला, दुधाच्या भांड्याला करतात तसाच. डब्याचा स्टँड चार पाण्याच्या वाट्यांत उभा केला. तेव्हापासून एक मुंगी चढली नाही.

तिसरं संकट मे महिन्याचं. पत्र्याच्या खोलीत एका दुपारी काटा 43 वर गेला आणि मोठ्यांचा डबा संपला. दुसरा डबा मी आधीच खाली जुन्या धाब्याच्या घरात ठेवला होता, तो वाचला. मातीच्या धाब्याखाली उन्हाळ्यातही गारवा राहतो. कूलरसमोर मात्र डबा ठेवू नका, ती ओल पुन्हा बुरशी आणते. दोन डबे दोन जागी ठेवा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

आता खाण्याचं. रातकिड्यात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त. नुसते किडे खाऊन शॅमेलिऑनची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लोंबतो. म्हणून देण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, कारण किड्याच्या पोटातलं तेच पुढे हिरामणच्या पोटात जातं. माझा भर अंगणातल्या शेवग्याच्या पाल्यावर, त्यात कॅल्शियम भरपूर. जोडीला गंगाफळाची फोड, गाजर आणि गव्हाचा कोंडा. पालक नाही, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. बाजारची भाजी कितीही धुतली तरी माझं मन धजत नाही.

देताना किडे पिशवीत घालून त्यावर साध्या कॅल्शियमची पूड हलवून घेते. व्हिटॅमिन डी-3 असलेली पूड महिन्यात दोनदाच, आणि मल्टिव्हिटॅमिनही तेवढंच. जास्त झालं तरी अपाय होतो. या सगळ्याला पिंजऱ्यावर यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब नसेल तर अर्थ नाही, कारण त्या किरणांशिवाय शरीर डी-3 तयार करत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ती किरणं अडवते.

किडा हिरामणच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पूर्ण वाढलेल्या नराला मी दिवसाआड पाच-सहा देते. लहान पिल्लाला रोज लागतात. सगळे एका खोलगट कपात ठेवते, म्हणजे मोजून दिले जातात आणि उरलेले संध्याकाळी काढता येतात. पिंजऱ्यात मोकळे राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात. आमच्याकडे एकदा शेपटीला जखम झाली, त्यानंतर मी दिवा घालवण्याआधी पिंजरा बॅटरीने तपासते.

मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) सोपे, कोंड्यात आपोआप वाढतात, आवाज नाही, वास नाही. पण त्यांचं कवच कडक आणि चरबी जास्त, म्हणून आठवड्यातून दोन-तीनच. ते पोट फाडून बाहेर येतात असं ऐकून मीही घाबरले होते, ते खोटं आहे. फ्रीजमध्ये ठेवले की वाढ मंदावते. सुपरवर्म, म्हणजे तशाच पण मोठ्या अळ्या, मात्र फ्रीजमध्ये मरतात.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या सहा महिन्यांत काही वाचलं नाही. आवाजाचा त्रास आहेच, नर रात्रभर किरकिरतात. शेजारचे आप्पा पहिल्यांदा डबा उघडून बघत म्हणाले, ‘हाई काय शे?’ आता तेच शेवग्याच्या डहाळ्या आणून देतात.

दर रविवारी हिरामणला मसाल्याच्या डिजिटल काट्यावर ठेवते. आजारपणात तो 118 ग्रॅमवर आला होता. या रविवारी 142 भरला.