स्वस्त डीव्हीडी की पुनर्संचयित ब्लू-रे?

जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या कृष्णधवल भयपटाचे शीर्षक बदलताना वितरकाकडून स्वत्वाधिकाराची (कॉपीराइटची) सूचना गळली, चित्रपट अमेरिकेत कोणीही परवानगीशिवाय वापरावा असा खुला झाला आणि त्याच्या स्वस्त डीव्हीडींचे पेवच फुटले. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे २००४ पासून पणजीत जगभरचे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सवय जडलेल्या गोमंतकीय रसिकाने घरासाठी नेमके काय घ्यावे?

स्वस्त डीव्हीडी बहुधा झिजलेल्या प्रतीवरून काढलेली असते. प्रेते शेतघराच्या दिशेने सरकू लागतात, तेव्हा गवत, कपडे आणि अंधार यांचा एकच करडा चिखल होतो, आणि जिथे भीती दाटून यायला हवी तिथे डोळ्यांना नुसते चौकोनी ठिपके दिसतात. चित्रपट कमी पैशांत केला म्हणून तो असाच दिसायचा, हा समज अशा प्रतींनीच रुजवला आणि तो दिग्दर्शकावर अन्याय करणारा आहे.

क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशन कंपनीची २०१८ ची ब्लू-रे मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून केलेल्या ४के (अतिसूक्ष्म तपशील टिपणाऱ्या) पुनर्संचयनातून आली आहे. तिच्यात काळोखाचे थर वेगळे दिसतात, चेहऱ्यावरची सावली कुठे संपते ते कळते आणि फिल्मचे बारीक कण पुसून टाकलेले नाहीत. आवाजही स्वच्छ आहे.

माझा कौल निःसंशय ब्लू-रेला. मात्र ब्लू-रे डिस्क बहुधा जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेयरवरच चालतात; ही अमेरिकेच्या 'ए' विभागाची आहे आणि भारत 'सी' विभागात येतो, त्यामुळे सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेयर आधी पाहून ठेवावा.