संयुक्त की स्टिरिओ: कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा?

दोन्हींना दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) दिसल्या तरी फसू नका. संयुक्त सूक्ष्मदर्शकात एकाच वस्तुभिंगातून (नमुन्याजवळच्या भिंगातून) आलेली प्रतिमा दोन्ही डोळ्यांना वाटून दिली जाते, म्हणून चित्र सपाट, शिवाय उलटं. स्टिरिओत प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र, किंचित तिरका प्रकाशमार्ग मिळतो. मुंगीच्या पायावरचे केस खोलीसकट, सुलट दिसतात आणि खाली चिमटा चालवायला ऐसपैस जागा राहते. वर्धन मात्र साधारण १० ते ४० पट.

जिवाणू बघायचे तर संयुक्तच हवा: १०० पटीचं वस्तुभिंग, १० पटीची नेत्रिका, मिळून १००० पट. पण तिथे नमुना पातळ हवा, प्रकाश खालून आणि भिंगाखाली तेलाचा थेंब. (तेल पुसायचा कंटाळा असेल तर ४०० पटीवरच थांबा.) नुसत्या हौसेसाठी माझं मत स्टिरिओला.