उन्हाळ्याचे दोन महिने: आकाशवाणी-दूरदर्शन की खासगी पोर्टल?

फेब्रुवारी सरत आला की पत्रकारितेच्या मुलांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आकाशवाणीत इंटर्नशिप होईल असं वाटतंय, पण बातम्यांच्या एका पोर्टलनं सोमवारपासूनच ये म्हटलंय. काय करू?" मी दोन्हीकडे काम केलंय. शिकत असताना दोन महिने एका सरकारी केंद्रात आणि नंतर सहा वर्षं खासगी डिजिटल डेस्कवर. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना हिशेबात धरता येईल. पहिलीच इंटर्नशिप असेल आणि दोन महिने घरच्यांच्या जिवावर काढता येत असतील, तर आधी आकाशवाणी किंवा दूरदर्शन. पोर्टल कुठे पळून जात नाही.

एक गैरसमज आधीच दूर करते. "आकाशवाणीत कसलं आलंय डिजिटल?" असं मुलं हसून विचारतात. न्यूजऑनएअर हे ॲप उघडून बघा. देशभरातल्या केंद्रांचं थेट प्रसारण तिथे ऐकता येतं. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं मार्च २०२४ मध्ये 'पीबी-शब्द' ही वृत्तसेवा सुरू केली. माध्यमसंस्थांना मजकूर, आवाज, चित्रफिती अनेक भाषांमधून पुरवणारी. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला प्रसार भारतीचंच 'वेव्ह्ज' हे ओटीटी आलं. केंद्राकेंद्रांची यूट्यूब चॅनेलं आणि समाजमाध्यमांवरची खाती वेगळीच. हे सगळं चालवायला माणसं लागतात आणि कायमस्वरूपी कर्मचारी दरवर्षी निवृत्त होतायत. त्यामुळे रील कापता येणारी, सबटायटल टाकता येणारी पोरं दारात आली की ती कामाला लागतात. चहा आणायला कुणी सांगत नाही. चहा तिथे वेळेवर येतो.

मला पहिल्या आठवड्यात एक जुनं ध्वनिमुद्रण दिलं होतं. मावळातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या. टेपच्या जुन्या स्पूलवरून संगणकावर उतरवलेली फाइल, लांबी अठ्ठावीस मिनिटं. त्यातून एका मिनिटाचा तुकडा काढायचा होता. सुरुवातीला जात्याची नुसती घरघर होती, जवळजवळ वीस सेकंद. मी ती कापली, आवाज स्वच्छ केला, थेट ओवीपासून सुरुवात केली आणि खूश झाले. कार्यक्रम अधिकारी बाईंनी हेडफोन लावला, ऐकला, काढला. "जातं कुठे गेलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, नॉइज होता. "अगं, त्याच्यावरच तर ती गातेय. चार सेकंद तरी ठेव, मग तिला येऊ दे." ठेवलं. शिवाय फाइलसोबत ध्वनिमुद्रण कुठलं, कधीचं, गाणारी कोण, लावायची परवानगी कुणाची, एवढं सगळं भरून द्यावं लागलं. त्या दिवशी मला ती कटकट वाटली. पुढे पोर्टलवर हक्क न विचारता उचललेल्या व्हिडिओमुळे चॅनेलवर कॉपीराइट स्ट्राइक आला, तेव्हा ती आठवली.

आता दुसरी बाजू. पोर्टल म्हणजे काय हे बघायचं तर दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी डेस्कवर बसा. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि दहावीचा १३ मेला, दोन्ही दुपारी एक वाजता. ऐन इंटर्नशिपच्या मोसमात. आदल्या रात्रीच 'निकाल कुठे पाहाल', 'गुणपडताळणीसाठी काय करावं', 'कोकण विभागाची बाजी' अशा कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, अर्धवट लिहून ठेवलेल्या असतात. 'कोकण'सुद्धा आधीच, कारण अव्वल येणाऱ्या विभागाचं नाव सहसा बदलत नाही. एकच्या ठोक्याला भिंतीवरच्या स्क्रीनवरचा वाचकांचा आकडा उसळतो, कुणीतरी ओरडतं, कुणाची तरी लिंक चुकलेली असते. दीड वाजेपर्यंत तुम्ही सहा कॉप्या टाकलेल्या असतात आणि दोनला तुम्हाला कळतं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ही मजा आकाशवाणीत नाही. कुठला शब्द लोक शोधतायत, मथळ्यात तो कुठे यायला हवा, नोटिफिकेशन किती वाजता पाठवलं तर उघडलं जातं, हे तुमच्या डोळ्यांदेखत कळतं. सरकारी केंद्रात हा आकडा कुणी तुम्हाला आपणहून दाखवत नाही.

दोन्हीकडच्या कामातला फरक मला एकाच बातमीनं कळला. दोन्ही वेळा ती मी लिहिली, मध्ये काही वर्षं गेली होती. बातमी होती मे महिन्यातली, खडकवासला प्रकल्पातल्या चार धरणांत किती पाणी उरलंय याची. केंद्रात मी लिहिलं होतं, "६.२७ टीएमसी." संपादकांनी पेन्सिलीनं खोडून 'सव्वासहा' केलं. कानाला दशांश ऐकू येत नाही, म्हणाले, आणि वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं. दोन ठिकाणी माझा श्वास संपला. तिथे त्यांनी पूर्णविराम दिला. पोर्टलवर तीच बातमी लिहिताना मी मथळ्यात आकडा टाकला तर शिफ्ट इन्चार्ज म्हणाला, "आकडा मथळ्यातच दिलास तर आत कोण येणार?" मग झालं: 'पुणेकरांनो, पाणी जपून वापरा! धरणात उरला फक्त एवढाच साठा'. एकानं आकडा नीट ऐकू यावा म्हणून बदलला, दुसऱ्यानं लपवला. दुसऱ्या मथळ्याला वाचक भरपूर आले, हेही खरंच सांगते.

आकाशवाणीच्या मराठीला लोक नावं ठेवतात. 'करण्यात आले', 'देण्यात आली' यांचा सुळसुळाट तिथे आहेच. पण सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे पुण्याहून प्रादेशिक बातम्या द्यायच्या, तेव्हा आमची आजी चुलीपाशी होती आणि तिला बातमी पहिल्या वेळेतच समजत होती. रिवाइंड नव्हतं. ऐकणाऱ्याला दुसरी संधी नाही हे गृहीत धरून लिहायची सवय पॉडकास्टला, रीलला, व्हॉइसओव्हरला जशीच्या तशी उपयोगी पडते. ती शिकवणारी माणसं आता केंद्रांतही कमीच उरलीत. जोवर आहेत तोवर जा.

घाई करायची नाही, हे शिकायलाही सरकारी केंद्र ही बरी जागा आहे. भारत-पाकिस्तान संघर्षातली ८ मे २०२५ ची रात्र आठवा. कराची बंदरावर हल्ला झाल्याची बातमी काही खासगी वाहिन्यांनी चालवली. ती खरी नव्हती. अशा रात्री खासगी डेस्कवरच्या इंटर्नला कुणी 'खात्री कर' म्हणत नाही, 'त्यांनी टाकलीय, आपली कुठे आहे?' म्हणतात.

म्हणून सरकारी केंद्र म्हणजे निर्भीड पत्रकारितेचं विद्यापीठ आहे असं समजू नका. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, संस्था प्रत्यक्षात आली २३ नोव्हेंबर १९९७ ला. कायद्यानं ती स्वायत्त आहे, पण पैसा मोठ्या प्रमाणात केंद्र सरकारकडून येतो आणि वृत्त विभागात भारतीय माहिती सेवेतले अधिकारी असतात. मंत्र्याला अडचणीत आणणारी बातमी तुमच्या हातून जाणार नाही. अर्थात पोर्टलवरचा इंटर्नही मंत्र्याला प्रश्न विचारत नसतो. मंत्र्याचं ट्विट बघून चार परिच्छेद पाडतो.

पैशाचं थोडक्यात. पोर्टलकडून काहीतरी मानधन मिळण्याची शक्यता जास्त, पण 'बघू', 'पहिला महिना ट्रायल' असं म्हणणारेही भरपूर. किती, कधी आणि कशाबद्दल, हे मेलवर लिहून मागा. सरकारी ठिकाणी पैसे धरूनच चालू नका. मुंबईत राहायची सोय नसेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. आकाशवाणी चर्चगेटला, दूरदर्शन वरळीला, आणि दोन महिने कॉटबेसिसवर राहायचं भाडं कुणाच्या तरी खिशातून जाणार. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मुलांनी म्हणूनच आधी आपल्या गावचं केंद्र बघावं. प्रादेशिक वृत्त विभाग तिथेही आहेत आणि छोट्या ठिकाणी इंटर्नला जरा जास्तच कामं करायला मिळतात.

नाव छापून येण्याचं काय? पोर्टलवर दोन महिन्यांत तुमच्या नावच्या पन्नासेक लिंक तयार होतात, बायोडेटात त्या दिसतात. केंद्रातलं काम निनावी असतं आणि फाइल बाहेर नेता येईलच असं नाही. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि प्रसारित झालेल्या कामाची तारीख-वेळ वहीत टिपून ठेवा. मी ठेवली नाही. आज माझ्या पहिल्या निवेदनाचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त आईचं बोलणं आहे.

नोकरीसाठी म्हणून जात असाल तर मात्र पोर्टलच. तिथे चांगला इंटर्न जुलैत ट्रेनी होऊ शकतो. आकाशवाणी-दूरदर्शनमध्ये इंटर्नशिपचं प्रमाणपत्र दाखवून कुणी कायम होत नाही. कंत्राटी पदं आणि जिल्ह्यांतले अंशकालीन वार्ताहर यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात, प्रासंगिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, निवेदकांसाठी आवाजाची चाचणी असते. तिकडे ओढ असेल तर मात्र दोन महिने स्टुडिओत वावरल्याचा फायदा त्या चाचणीत होतो. स्टुडिओतला माइक सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की घसा कोरडा पडतो, तो आधीच एकदा पडून गेलेला बरा.

बीबीसी मराठीबद्दलही विचारणा होते, 'तेही पब्लिक ब्रॉडकास्टरच ना?' म्हणून. ही सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. पण २०२४ पासून तिचं काम बीबीसीतल्याच लोकांनी उभारलेली 'कलेक्टिव्ह न्यूजरूम' ही भारतीय कंपनी बघते. मराठीत सविस्तर, उलटतपासणी केलेलं डिजिटल काम कसं दिसतं हे बघायला ती रोज वाचाच. अर्ज करायचा तर ही वेगळी कंपनी आहे एवढं लक्षात ठेवून करा.

व्हिडिओच करायचा आहे, आवाजात रस नाही, अशांनी आकाशवाणीऐवजी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचा विचार करावा. इंटर्नशिप जरा लांबली आणि त्या वर्षी अधिक महिना आडवा आला नाही, तर आषाढीच्या महापूजेच्या थेट प्रक्षेपणाची तयारी जवळून बघायला मिळू शकते. एवढा मोठा लाइव्ह कार्यक्रम पोर्टलच्या इंटर्नच्या वाट्याला येत नाही. तो मोबाइल घेऊन गर्दीत उभा असतो.

पोर्टलचा अर्ज म्हणजे एक मेल आणि एक फोन. केंद्राचं तसं नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं, केंद्रप्रमुखांच्या नावे पत्र लागतं. त्यात तारखा आणि कुठल्या विभागात काम करायचंय ते स्पष्ट लिहा. नुसतं 'इंटर्नशिप मिळावी' लिहिलं तर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. मेसाठी फेब्रुवारीतच द्या. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर मेलवर मेल पाठवत बसू नका. सकाळी अकराच्या सुमारास स्वतः जा, गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहा, पत्राची दुसरी प्रत न्या आणि आवक विभागातून तिच्यावर शिक्क्यासकट पोच घ्या.