ब्रेक-हबचं काम असेल तर इथेच, सेन्सरचं असेल तर शोरूमच बरं

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहितो.

धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की मुकटीच्या अलीकडे हे गॅरेज. बोर्ड पटकन दिसत नाही पण बाहेर दोन-चार दहा चाकी उभ्या असतातच त्यामुळे चुकत नाही. आपली पण दहा चाकीच, बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमांची), सेकंडहॅन्ड घेतलेली, मका नाहीतर कापसाच्या गाठी घेऊन जळगाव साइडहून सुरत लाइनला चालते. म्हणजे साक्री सुटलं की पुढे कोंडाईबारी घाट आलाच, आणि लोड गाडी ज्याने तिथून नवापूरकडे उतरवलीय त्याला ब्रेकचं महत्त्व मी काय सांगू.

ड्रायव्हरची कम्प्लेंट होती की ब्रेक मारला की गाडी जरा एका बाजूला ओढते आणि थांबायला जागा जास्त घेते. रस्त्यात एका मिस्त्रीने स्लॅक (ब्रेकचा गॅप धरून ठेवणारा दांडा) आवळून दिलं, पैसे घेतले, पुढच्या ट्रिपला परत तेच. इथे आलो तर इथल्या मिस्त्रीने पाना हातात घ्यायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारला, कोणी आवळलं होतं का. मग समजावलं की तुमच्या गाडीला ऑटो स्लॅक आहे, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी) झिजलं की तो गॅप स्वतःच घेतो, त्याला सारखा हाताने आवळावा लागतोय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, आवळून फक्त आजचा दिवस निघतो, चाक खोलल्याशिवाय मी हात लावणार नाही. खरं सांगू तर मला वाटलं बिल वाढवायचं काम चाललंय.

पण खोलायची पद्धत बघितली आणि गप बसलो. आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मग जॅक, मग हाऊसिंगखाली (मागच्या एक्सलचं कवच) लोखंडी घोडी म्हणजे स्टँड, गाडीचं वजन घोडीवर बसवल्याशिवाय पोरगं खाली जाणार नाही. आपल्याकडे हायवेवर निम्म्या ठिकाणी नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर माणूस आत शिरतो, सील बसलं की जॅक खाली येतो, मग रडारड. ड्रम काढल्यावर लायनरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते, हे त्याने पोरांना शिकवून ठेवलंय.

आत काय निघालं तर हबचं ऑइल सील गेलेलं, हाऊसिंगचं ऑइल सरळ ड्रममध्ये. लायनर काळं कुळकुळीत आणि चकचकीत, मिस्त्रीने त्यावर अंगठा दाबून मला दाखवला, अंगठ्यावर ऑइल. माझा ड्रायव्हर म्हणाला पेट्रोलने धुवू, वर जाळून घेऊ, सगळे तेच करतात. मिस्त्री म्हणाला वरचं धुतलं जातं, आत मुरलेलं कुठे जाईल, ते ड्रम तापल्यावरच बाहेर येणार आणि ड्रम तापणार कुठे, तर घाटात. दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, कारण एका बाजूला नवं नि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं की गाडी परत ओढणारच. बेअरिंग धुवून बघितलं, हब किती ढिला हलतो (प्ले) ते बघितलं, ड्रम पण मोजला. ड्रम किती मिलिमीटरपर्यंत चालतो ते बहुतेक ड्रमवरच कोरलेलं असतं, ते त्याने मळ खरवडून मला वाचायला लावलं, एवढी वर्षं गाड्या चालवतोय पण कोणी दाखवलं नव्हतं.

मागच्या एका बूस्टरमधून (चाकाजवळचा हवेवर ब्रेक चालवणारा डबा) हवा पण सुटत होती. नवीन पोरांना वाटतं हवा गेली की ब्रेक फेल, पण मागच्या बूस्टरचं उलट असतं, त्यात जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हवेने ती मागे राहते आणि हवा उतरली की ती ब्रेक लावून टाकते. म्हणूनच हवा बनल्याशिवाय गाडी हलत नाही. ती स्प्रिंग बोल्टने लॉक न करता कोणी क्लॅम्प खोलला तर झाकण गोळीसारखं उडतं, माणूस जागेवर जातो. इथे आधी लॉकचा बोल्ट टाकला आणि बूस्टर न खोलता अख्खा बदलला. थोडे पैसे जास्त गेले, जाऊ दे.

आता सगळ्यात भारी गोष्ट. खाली आहेच तर त्याने स्टिअरिंगचा एक पाइप बघितला, क्लिपजवळ घासत होता. मी म्हटलं बदलून टाका. तो त्याच्या अहिराणीत म्हणतो, "भाऊ, कंपनी फुकट करी देस ते माले पैसा कसाले देतस?" ह्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाड्यांचा तो पाइप कंपनीने स्वतःच बदलून दिल्याचं त्याला माहीत होतं. चेसिस नंबर घेऊन शोरूमला जा म्हणाला. गेलो, त्यांनी नंबर टाकला तर कॉम्प्युटरवर काम पेंडिंग दिसतंय! ह्याच शोरूमला मी पैसे देऊन सर्व्हिसिंग केलेलं, तेव्हा कोणी तोंड उघडलं नाही. मोफत करून दिलं, पण स्वतःहून नाही सांगितलं. सेकंड ओनरवाल्यांनी हे लक्षात घ्या, कंपनीकडे पत्ता नि मोबाइल पहिल्या मालकाचा असतो, रिकॉलचं (दोष असलेला पार्ट कंपनीने फुकट बदलून द्यायला गाडी परत बोलावणं) पत्र त्याच्या घरी जातं आणि तो रद्दीत टाकतो. आरसी नावावर झाली की शोरूमला जाऊन चेसिस नंबरला स्वतःचा मोबाइल लावून घ्या. कायदा पण आहे, २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम ११०-ए आलं, रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर मालक वाहन पोर्टलवर तक्रार टाकू शकतो, आणि सरकारने रिकॉल काढायला लावला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे.

आता कापलेला स्टार. एक म्हणजे वेळ. सकाळी सांगितलेलं काम संध्याकाळी होईल असं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, गाडी लाइनवर नसली की हप्ता थांबत नाही ना भो. दुसरं, बिल मागितलं की कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देतात, जीएसटी बिल पाहिजे असेल तर आधीच बोलून ठेवा. तिसरं, बीएस सिक्सची इलेक्ट्रॉनिक कामं इथे होत नाहीत. नॉक्स सेन्सर (धुरातला विषारी वायू मोजणारा), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), युरियाची लाइन ह्याला लागणारा स्कॅनर ह्यांच्याकडे नाही, आणि ते स्वतःच सांगतात की आमच्याकडे नका आणू, त्यामुळे फसवणूक नाही पण आपली एक चक्कर वाढते. तरी एक सल्ला फुकट मिळाला, की शेतातल्या गोणीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत टाकू नका. टाकीतलं डीईएफ (धूर साफ करायला टाकतात ते पाणी) म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के एकदम शुद्ध युरिया, खताच्या युरियाने सायलेन्सरमधला कॅटलिस्ट चोक होतो आणि मग जो खर्च निघतो त्यात दोन चांगले टायर येतात. आपल्याकडे घरोघरी गोण्या पडलेल्या असतात त्यामुळे हा मोह होतोच लोकांना.

वेल्डिंग मात्र बिनधास्त करा इथे, पेटवायच्या आधी बॅटरीची टर्मिनलं आणि ईसीएमचे (इंजिनचा कॉम्प्युटर) कनेक्टर काढतात, बाकीकडे हे कोणी करत नाही आणि मग ईसीएम उडाला की ड्रायव्हरच्या नावाने शिव्या.

रेट धुळ्यातल्या मोठ्या वर्कशॉपपेक्षा कमी, रोडवरच्यांपेक्षा जास्त. यूपीआय चालतं. जवळच्या ढाब्यावर शेवभाजी झणझणीत मिळते, ड्रायव्हर-क्लीनरला झोपायला शेडमध्ये बाज आहे. चाक खोललेल्या गाडीला सोडताना ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट परत आवळा हे बजावून सांगतात, तेवढं ड्रायव्हरला फोन करून करायलाच लावा. पार्ट स्वतः धुळ्याहून आणून दिले तरी चालतात, फक्त लोकल सील आणलं तर बसवत नाहीत, डबा बघूनच परत पाठवतात.