कोर्टाची ऑर्डर म्हणून 16,700 रुपयांना रद्दी विकत घेतली

सोळा हजार सातशे. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे हसणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही.

घटस्फोटानंतर मला माहेरचं नाव परत लावायचं होतं. सेवापुस्तक, पॅन, बँक, सगळीकडे सासरचं आडनाव. लग्न कोर्टाने मोडलं, तेव्हा नावही कोर्टच बदलून देणार असं वाटलं. यात काय मूर्खपणा झाला? कोर्टाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सवाल्याशेजारी एक जण टेबल टाकून बसतो. "ताई, आधी कोर्टाची ऑर्डर, मग गॅझेट. तुम्ही फक्त सह्या करा."

सुरुवातीला 5,000. 'कोर्ट फी' 3,200. पेपरातली जाहिरात 1,500. 'आतल्या साहेबांचे' 4,500. गॅझेट अर्जंट हवं म्हणून आणखी 2,500. पहिले पाच हजार ऑनलाइन, तेही कुठल्याशा बाईच्या खात्यावर. बाकी सगळे रोख. पावती मागितली तर म्हणाला, "साहेबांची पावती असते का ताई?" आणि मी हसले!

आता ज्याने झोप उडाली आहे ते सांगते. ऑर्डर हातात आली. जांभळा गोल शिक्का, त्यात 'दिवाणी न्यायलय'. न्यायलय! एकोणीस वर्षं पोरांच्या वहीत 'न्यायालय' दुरुस्त करणारी बाई मी. चूक दिसली, लाल पेन आठवलं, आणि 'सरकारी शिक्के असेच असतात' म्हणून कागद पर्समध्ये टाकला. ऑर्डरवरची तारीख 9 मार्च 2025. तो रविवार होता, हे कॅलेंडर बघून नंतर कळलं.

त्याने दिलेलं गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्र, ऑर्डरसोबत बँकेत दिलं. तिथल्या मुलीने तो अंक शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला. माझ्या क्रमांकासमोर भलत्याच माणसाचं नाव! हे तपासायला तिला दहा मिनिटं लागली. अंक कुणालाही बघता येतो. पैसे देण्याआधी बघा.

मुळात महाराष्ट्रात साध्या नावबदलासाठी कोर्टात जावंच लागत नाही. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, पुरावा जोडायचा, शुल्क तिथेच भरायचं. नाव राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येतं. माझा पुरावा म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, आणि तो कपाटात साड्यांखाली पडून होता.

मग पोलीस ठाणे. "मॅडम, हे पैशाचं प्रकरण, दिवाणी आहे." खोटी कोर्टाची ऑर्डर आणि दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम 337 न्यायालयाच्या बनावट अभिलेखासाठीच आहे, फसवणुकीचं 318 वेगळं. मी कलमं वाचून दाखवली तर हवालदार म्हणाले, "बनावट कागद बँकेत तुम्हीच दिलात ना? बघा हं." वर हुकूम, की ऑर्डर खोटी असल्याचं कोर्टाकडून लेखी आणा. कोर्टातले अधीक्षक म्हणाले, हा केस नंबर आमच्याकडे नाही. मग तसं लिहून द्या. तर म्हणे, नकलेसाठी अर्ज करा. नक्कल विभागाने अर्ज परत केला, कारण अशी केसच नाही! तीन रजा गेल्या. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवली आहे, तिची पोच जपून ठेवली आहे. तुम्हीही ठाण्यात तोंडी बोलत बसू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. रोख तर देऊच नका.

नंतर मी स्वतः अर्ज केला. नाव आलं, शुद्धलेखनासकट.

तो माणूस अजून तिथेच बसतो. परवा एक बाई आधार कार्ड हातात घेऊन त्याच्या टेबलापाशी उभी होती. मी तिला बाजूला घेऊन बोलायला लागले, तर तो मागून म्हणाला, "ताई, धंद्याच्या वेळेला नको ना."